दबोराला जामीन पाहिजे

कुरकुंभ, ९ नोव्हेंबर २००४

ताई, सलाम.

वर ‘प्रभूच्या गोड नावात’ असं लिहिणार होते, पण मग पुढचं सगळं पत्र आबांच्या आवाजात गेलं असतं. म्हणून नुसता सलाम. फोन केला असता तर तू ठेवला असतास. पत्र न वाचता ठेवून द्यायला फार निग्रह लागतो, आणि तो तुझ्याकडे नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे.

तू राहूला, मी कुरकुंभला. मध्ये तासाभराचा रस्ता आणि आपला बाप. तू चर्चबाहेरच्या चांगदेवरावांशी लग्न केलंस त्याला तीन वर्षं झाली, आणि तुझ्या मते मीही शिरूरच्या आई-आबांच्याच बाजूची. असू दे. भांडण नंतर सावकाश करू. आधी माझं ऐक, कारण मला दुसरं विचारायला कोणी नाही.

मागच्या आठवड्यात लॅबच्या मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, माझं एखादं सॅम्पल चुकलं. म्हणून मी आत जाऊन आधी माफी मागून टाकली. ते म्हणाले, “कशाबद्दल?” ते मला सांगता येईना. मग त्यांनी विचारलं, एम.एस्सी. करायची का?

गोष्ट अशी आहे. कंपनी फी भरणार. जूनपासून आठवड्यातले तीन दिवस लॅब, तीन दिवस पुण्याला कॉलेज, दौंडहून शटलनं जा-ये. पगार अर्धा. पास झाल्यावर चार वर्षं कंपनी सोडायची नाही. सोडली तर सगळं भरून द्यायचं, आणि मी पळून गेले तर भरायला जामीनदार पाहिजे, ज्याच्या नावावर जमीन आहे असा. त्याच्या सहीसकट कागद वीस डिसेंबरला द्यायचा.

आता आपल्याकडे जमीन म्हणशील तर आईचा पुदिना लावलेला डबा. घर मिशनच्या जागेवर. आबांच्या नावावर एक सायकल आणि चर्चमधला पहिला बाक. बँकेत गेले होते, तिथेही आधी घराचे कागदच मागितले.

आणि मला नक्की शिकायचंय का, हेही मला कळत नाही. शिकायचं म्हटलं की पोटात बरं वाटतं. चार वर्षं म्हटलं की घाबरायला होतं. अंगाला कंपनीतल्या रसायनांचा इतका वास येतो की यष्टीत माझ्या शेजारी बायका बसत नाहीत. माझ्या खोलीतली अंकिता म्हणते, “त्यात काय, जागा मिळते की.” आमच्याकडे स्वराज म्हणून एक आहे, तो रात्रपाळी करून दिवसा पुण्याला कॉलेज करतो, स्वतःच्या पैशांनी, कोणाच्या उपकारात नाही. पण बायकांना रात्रपाळी नाही, म्हणजे मला तो रस्ता बंद. स्वराजचा इथे काही संबंध नाही, उदाहरण म्हणून सांगितलं.

आबांना सांगितलं तर ते म्हणाले, “कंपनीला बांधून कशाला घ्यायचं? बघतो मी.” ते ‘बघतो’ म्हणाले की मला धडकी भरते.

तू काय केलं असतंस, एवढंच कळव.

दबोरा

शिरूर, २१ नोव्हेंबर, रविवार

ताई,

तू उत्तर दिलं नाहीस, तरी लिहिते, कारण आज जे झालं ते तुला कळायलाच पाहिजे. निम्मं तुझंच आहे, असा माझा संशय आहे.

आज हंगामाचा सण होता. वेदीपुढे नेहमीसारखं सगळं रचलेलं, ज्वारीची कणसं, ऊस, भोपळे, अंडी, गिताबाईंची ती भांडखोर कोंबडी. उपासना झाली, आणि लिलावाच्या आधी पाळकसाहेब उभे राहून म्हणाले, “यंदाच्या लिलावाचं सगळं उत्पन्न आपल्या मंडळीची लेक दबोरा शलमोन हिच्या पुढच्या शिक्षणासाठी.” टाळ्या वाजल्या. मी कोंबडीकडे बघत बसले. मला कोणी विचारलं नव्हतं. आबांनी ‘बघितलं’ होतं.

आता आबांचं लिलावातलं काम तुला ठाऊक आहे. कोणी बोली लावेना की पहिल्या बाकावरून आबा बोली चढवतात, समोरचा रंगात आला की बरोबर वेळेला गप्प होतात. नारळ दुसऱ्याच्या घरी जातो, चर्चला चार पैसे जास्त मिळतात. इतक्या वर्षांत एकदाही त्यांच्या गळ्यात काही पडलेलं नाही. ते याला सेवा म्हणतात.

सगळ्यात शेवटी लिलावाच्या वस्तू पुढे आणणाऱ्या हौसरावांनी एक कोकरू आणलं. काळ्या तोंडाचं, चांगलं भरलेलं. देणाऱ्याचं नाव वाचतात ना, ते वाचलं, “एका हितचिंतकाकडून.” स्टीफनमामांनी पाचशे म्हटलं, आबांनी सहाशे. मामा आठशे, आबा हजार. इथे आबांनी थांबायला हवं होतं, दरवेळी थांबतात तसं. पण आज पैसा त्यांच्या लेकीच्या शिक्षणाला जाणार होता, आणि माणूस इतका फुलून गेला होता की मामांनी तोंड उघडायच्या आत स्वतःच्याच बोलीवर पुन्हा बोली लावली. “बाराशे,” म्हणाले. सगळं चर्च हसलं. स्टीफनमामा हात जोडून खाली बसले. “शलमोनराव, तुमची लेक, तुमचं मेंढरू. न्या घरी.”

एकवार, दोनवार, तीनवार. आबांनी स्वेटरच्या आतल्या खिशातून नाताळच्या खरेदीचे पैसे काढून मोजले. एवढा वेळ लावून मोजले की मला पुढे जाऊन त्यांना बाहेर ओढून न्यावंसं वाटलं.

बाहेर मी हौसरावांना गाठलं. म्हटलं, कोणी आणलं होतं? ते म्हणाले, “सकाळी राहूचा एक गडी एम-एटी गाडीवर घिऊन आला. म्हणला, नाव लिहू नका. मी वळाखलं, पर मी कशाला बोलू?”

आबा तेव्हा आत भोपळे मांडत होते, त्यांना पत्ता नाही. आई मात्र दारात उभी राहून त्या कोकराकडे बघत होती. घरी आल्यावर तिनं आपली जुनी सतरंजी आणून मागच्या पडवीत त्याच्याखाली टाकली. ती सतरंजी पाहुण्यांनाही देत नाही ती.

ताई, ते तू पाठवलंस ना? माझं पत्र वाचून? मग दोन ओळी लिहायला काय झालं होतं तुला? मेंढरू पाठवायची ही कसली पद्धत?

मला रडू येतंय आणि हसूही येतंय आणि एम.एस्सी.चं अजून काहीच ठरलेलं नाही.

दबोरा

कुरकुंभ, १ डिसेंबर

ताई,

आबांना कळलं. स्टीफनमामांच्या पोटात काही राहत नाही. शुक्रवारी बाजारात भर चौकात ते म्हणाले, “काय शलमोनराव, व्याह्यांचं मेंढरू मानवतंय का?”

आई सांगत होती, आबा घरी आले ते मागच्या पडवीत जाऊन बराच वेळ त्याच्यासमोर बसले. आईला वाटलं, आता विकतात किंवा कापतात. तिनं तसं विचारलंही. तर म्हणाले, “लिलावातलं हाय. देवाचं हाय. कापायचं कवा ते मी ठरवीन.” आणि सायकल काढून घास आणायला गेले. आता रोज घास येतो. मला कॉलेजात असताना सफरचंद आणलं नाही कधी.

हे चांगलं चाललंय असं वाटत असतानाच पाळकसाहेबांचा निरोप आला. लिलावाचे पैसे जमा आहेत, पंचकमिटी आणखी भर घालून सगळी फी देईल, बंधन काहीच नाही. फक्त बारा तारखेला उपासनेनंतर आबांनी मंडळीपुढे उभं राहून शब्द द्यायचा, की शिकून झाल्यावर ही मुलगी मंडळीतच राहील. मंडळीतच राहील म्हणजे काय, ते मी विचारलं. पाळकसाहेब भले आहेत, त्यांना बोलताना अवघडल्यासारखं झालं. म्हणाले, “बाळ, लोकांना एकदा अनुभव आलाय ना.”

तो अनुभव म्हणजे तू.

म्हणजे बघ, तू पाठवलेल्या कोकराचे पैसे मी घ्यायचे, आणि तुझ्यासारखी होणार नाही असं वचन द्यायचं. हे मला कोणत्याही बाजूनं सरळ करता येत नाही. गेले चार दिवस टायट्रेशन करताना मी रंग बदलायची वाट बघत राहते आणि रंग कधीच उलटून गेलेला असतो. साहेब म्हणाले, सुट्टी घे. स्वराजनं माझी दोन सॅम्पल्स परत करून दिली. तो म्हणतो, वचन द्यायला काय जातं, पुढचं पुढे बघू. त्याच्या तोंडून हे ऐकून मला बरं वाटलं नाही. का ते तू विचारू नकोस.

मी काल हे असं मांडून बघितलं. मंडळीचे पैसे घेतले तर नोकरीचं बंधन नाही, बाकी सगळ्याचं आहे. कंपनीचे घेतले तर चार वर्षं कुरकुंभ, पण त्यानंतर मी कुठे जाते, कोणाबरोबर जेवते, हे विचारायला कोणी येणार नाही. म्हणजे कंपनी बरी. असं वाटलं आणि लगेच त्या वासाची आठवण झाली.

पण कंपनीला जामीन पाहिजे. आणि जमीन असलेलं आपलं माणूस जगात एकच आहे.

विचारायला लाज वाटते. तीन वर्षांत तुझ्या घरी चहाला आले नाही आणि आता सातबारा मागते. पण विचारते. चांगदेवराव सही करतील का?

दबोरा

कुरकुंभ, ८ डिसेंबर

ताई,

आज पहिली पाळी सुटली तर कंपनीच्या गेटवर तुझा नवरा. वॉचमननं त्यांना कंत्राटी कामगार समजून पास मागितला होता, आणि ते शांतपणे त्याला “मी पाव्हणा हाय” असं सांगत होते. मी त्यांना पहिल्यांदाच नीट बघितलं. कपाळावर भंडारा, खिशाला पेन. मला वाटलं होतं फार बोलके असतील, कारण तू त्यांच्यासाठी एवढं सोडलंस. ते तर टपरीवरचा चहा संपेपर्यंत गप्पच.

मग म्हणाले, “दबोराबाई, मी आजच सही क्येली असती. उतारा बी काढलाय, ह्यो बघा. आमची आई कुशाबाई तर म्हणली, पोरगी शिकती तर करून टाक, न्हाईतर माझी घे सही. पन जस्मिन आडून बसलीय.”

मी म्हटलं, कशावर?

“म्हणती, जामीन देऊ. पन इचाराया तुमच्या आबांनी यायचं. आमच्या दारात. तुमी न्हाई, पत्र न्हाई. त्यांनी.”

बिचाऱ्यांना हे सांगताना इतका संकोच होत होता की ते माझ्याकडे न बघता बशीला सांगत होते. जाताना म्हणाले, “ती रागावल्याली न्हाई. रातीत दोनदा उठती आन् तुमची पत्रं वाचती. पन तिचं बी काई चुकत न्हाई, बाई.”

ताई, चुकत नाही म्हणे. कंपनीची अट चार वर्षांची. मंडळीची अट जन्माची. मला वाटलं होतं, निदान तू तरी काही मागणार नाहीस. तुझी अट तर सगळ्यांत अवघड निघाली, कारण ती माझ्या हातात नाही. मी चार वर्षं तो वास सहन करू शकते. आबांना राहूला कसं आणू? ते अजून चौफुल्याला राहूचा फाटा आला की मान दुसऱ्या खिडकीकडे करतात. मी त्यांच्याबरोबर गेले आहे, म्हणून सांगते.

मला तुझा भयंकर राग आला. रूमवर येऊन अंकिताशी भांडले, तिचा काही दोष नसताना. मग तिनंच खिचडी केली.

आणि खरं सांगू? तुझ्या जागी मी असते तर हेच मागितलं असतं. म्हणून तर अजूनच राग आला.

दबोरा

शिरूर, १२ डिसेंबर, रविवार

ताई,

आज ती सभा झाली. जशी झाली तशी लिहिते, माझी अक्कल मध्ये घालत नाही.

उपासना संपली, कोणी उठलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. पाळकसाहेबांनी आबांना पुढे बोलावलं. आबा कोट घालून आले होते. मला वाटलं, झालं. शब्द देतील, मी पहिल्या बाकाच्या टोकाला बसून राहीन, आणि जूनमध्ये माझी फी भरली जाईल. मी तुझ्यापाशी काही लपवत नाही, मनात एकदा असंही आलं की देऊन टाकू देत. सुटले तरी.

आबा उभे राहिले. गळा साफ केला. म्हणाले, “मंडळीनं माझ्या पोरीसाठी लई केलं. मी ऋणी हाय. पर शब्द मला देता येत न्हाई.”

चर्चमध्ये कुजबूज झाली. स्टीफनमामा उठून म्हणाले, “शलमोनराव, बापानं न्हाई द्यायचा तर कुणी द्यायचा?”

आबा म्हणाले, “एकदा मी दिला व्हता. मोठीचा. हितंच हुबा राहून. तिला न इचारता दिला आन् तिनं मोडला, असं आपुन समदे तीन सालं म्हणतोय. तिनं कुठं मोडला? तिनं दिलाच न्हवता.” आणि खाली बसले.

ताई, हे मला माहीत नव्हतं. तू नर्सिंगला निघालीस तेव्हाही असंच झालं होतं? आणि तुला ते नंतर कळलं?

मग पाळकसाहेबांनी मला विचारलं, “दबोरा, तू देतेस का?” सगळं चर्च माझ्याकडे बघत होतं. मी उभी राहिले. किती छान बोलता आलं असतं. मी म्हटलं, “मला माहीत नाही.” एवढंच. पुढे काही सुचलं नाही, म्हणून तेच परत म्हटलं. “मी राहीन की नाही, मला खरंच माहीत नाही.”

कोणी ओरडलं नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि पैसे चर्चच्या पत्र्यांकडे वळवले. गळतात तसेही. गिताबाई बाहेर माझा हात धरून म्हणाल्या, “खोटं न्हाई बोललीस, बरं केलं.” बाकीचे चपला शोधत राहिले, जरा जास्तच वेळ.

घरी येताना आबा सायकल हातात धरून चालत होते. मी शेजारी. पोस्टाजवळ आल्यावर म्हणाले, “खरंच म्हाईत न्हाई?”

मी म्हटलं, “शिकायचंय, आबा. तेवढं माहीत आहे. बाकीचं नाही.”

आणि बघ, तोपर्यंत ते मलाही माहीत नव्हतं. दीड महिना मी पैसे कोणाचे घ्यावेत याचाच विचार करत होते. शिकायचंय का, हे मला कोणी विचारलंच नव्हतं, मीही नाही.

मग मी त्यांना तुझी अट सांगितली. गेटवर चांगदेवराव आले होते, बशीला बघून बोलले, सगळं. सायकलची चेन पडली नव्हती, तरी आबा खाली बसून ती नीट करत राहिले.

दबोरा

शिरूर, १७ डिसेंबर

ताई,

चार दिवस मी घरी फोन करून विचारायचं धाडस केलं नाही. काल सुट्टी टाकून आले. आई दारातच म्हणाली, “यष्टीचं टायमिंग बघून आलेत. तू काय बोलू नगं.”

आबा रविवारी येत आहेत. परवा, एकोणीस तारखेला. नाताळच्या आधीचा रविवार, पहिला बाक रिकामा ठेवून. पाळकसाहेबांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं, “जामीन मागाया चाललोय, पोरीच्या घरी.” पाळकसाहेब काय म्हणाले, हे मी विचारलं. आबा म्हणाले, “म्हणले, माझा सलाम सांगा.”

मी बरोबर येते म्हटलं तर नाही म्हणाले. “मागनं माझं हाय.” आईला मात्र नेत आहेत. तिनं कालपासून करंज्या चालवल्या आहेत आणि दारातल्या त्या वाक्यानंतर माझ्याशी एक अक्षर बोलत नाही, बोलली तर रडेल म्हणून.

मला अजून काहीच धड कळत नाही. चार वर्षं मला झेपतील का, माहीत नाही. पास होईन का, माहीत नाही. स्वराजबद्दल तू काही विचारलं नाहीस, तरी त्याबद्दलही माहीत नाही. पण कागदावर माझी सही मी करून ठेवली आहे. खाली जामीनदाराची जागा मोकळी आहे.

आबांची एकच अडचण राहिली आहे. काल दाढीच्या आरशासमोर ते आधी “जावईबापू” म्हणून बघत होते, मग “चांगदेवराव” म्हणून. साबण वाळून गेला तरी ठरेना. शेवटी आईलाच विचारलं, “कंचं बरं वाटतं?” आई करंजी दुमडता दुमडता म्हणाली, “त्यांना काय बी म्हणा. दारात जस्मिनच आली तर काय म्हणणार?”

आबांनी वस्तरा खाली ठेवला. आणि आज आरशासमोर गेलेच नाहीत.

म्हणून मुद्दाम लिहिते, आणि हे पत्र उद्या पोचावं म्हणून राहूच्या यष्टीच्या कंडक्टरकडे देते आहे. रविवारी दार तू उघडू नकोस. चांगदेवरावांना उघडू दे, सही होऊ दे, मग ये. तुला बघितल्यावर आबा काय मागायला आले ते विसरून जातील, आणि माझा कागद सोमवारी द्यायचा आहे.

तुझी
दबोरा